आधी आरेखन, मग करवत : संगणकाच्या साहाय्याने इलेक्ट्रिक गिटारची आखणी

आमच्या परिचयातील एका घराच्या ओसरीवर सागवानाची एक गिटार भिंतीला टांगलेली आहे. तिचा आकार देखणा आहे, पॉलिश आरशासारखे चमकते आणि लाकडाचे रेषे मधोमध असे जुळवले आहेत की, पाहणाऱ्याने क्षणभर थांबावे. मात्र ती वाजवता येत नाही. तारा छेडल्या तर आवाज येतो. परंतु बोट जसजसे धडाच्या दिशेने सरकावे तसतसा स्वर चढा लागत जातो आणि बाराव्या पडद्यापर्यंत पोहोचता पोहोचता तो कानाला सहन होईनासा होतो. गायनवृंदात गिटार वाजवणाऱ्या एका तरुणाने पावसाळ्याचे चार महिने रोज संध्याकाळी कामावरून परतल्यावर खपून ती घडवली होती. मान तेवढी तयार विकत घेतली. बाकी सारे त्याच्या हातचे. दोष त्याच्या हातांत नव्हता. दोष होता एका मापात, तोही सुमारे चौदा मिलिमीटरांचा.

अशी हौस असलेले अनेक तरुण आमच्या वाचकांच्या घरांत आहेत, हे आम्ही जाणतो. त्यांच्यासाठी व त्यांच्या पालकांसाठी हा लेख आहे. इलेक्ट्रिक गिटार स्वतः घडवायची असेल तर लाकडाला हात लावण्यापूर्वी संगणकावर तिची आखणी कशी करावी, त्या आखणीने काय साधते आणि काय साधत नाही, याचा विचार आम्ही येथे करणार आहोत.

चौदा मिलिमीटर कोठे हरवले?

गिटारच्या मानेच्या वरच्या टोकाला 'नट' नावाची खाचांची पट्टी असते. दुसऱ्या टोकाला, धडावर, 'ब्रिज' असतो. सतारीच्या भाषेत बोलायचे तर घोडी. या दोन टेकूंमधला तारेचा मोकळा भाग कंप पावतो आणि त्याच्या लांबीला 'स्केल' म्हणतात. आमच्या मित्राच्या मानेवर पडदे, म्हणजे फ्रेट, ६४८ मि.मी. स्केलसाठी बसवलेले होते. त्याने टेपही ६४८ वरच धरली; परंतु नटाच्या मागच्या कडेपासून ब्रिजच्या पट्टीच्या मागच्या कडेपर्यंत. वास्तविक माप घ्यावयाचे असते ते नटाच्या पडद्यांकडील कडेपासून, तार जेथे प्रत्यक्ष टेकते त्या बिंदूपर्यंत. नटाची जाडी साडेतीन मिलिमीटर आणि पट्टीच्या कडेपासून टेकूपर्यंतचे अंतर सुमारे दहा मिलिमीटर. हिशेब तेथेच चुकला.

तरीही ब्रिज उखडून मागे का सरकवला नाही, असे कोणी विचारील. त्याने निवडलेल्या ब्रिजला स्वर हेलकावण्यासाठी दांडी होती. अशा ब्रिजखालचा धातूचा जड ठोकळा धडातून आरपार जातो आणि त्यासाठी लाकडात मोठा कप्पा कोरावा लागतो. तो कोरून झाला होता. कापलेले लाकूड पुन्हा उगवत नाही.

सतार आणि गिटार

ही अडचण सतारीच्या कारागिराला येत नाही. मिरजेच्या कारागिरांनी घडवलेली सतार पाहिली तर तिचे पडदे दोऱ्याने दांडीला बांधलेले दिसतात. वाद्य पूर्ण झाल्यावर कानाने स्वर ऐकत पडदा किंचित वर-खाली सरकवता येतो. कारागिराचा कान हीच तेथे अंतिम कसोटी असते आणि ती शेवटी लावता येते.

गिटारचे पडदे मात्र करवतीने पाडलेल्या बारीक चिरांमध्ये ठोकून बसवतात. एकदा बसले की ते कायमचे. म्हणजे सतारीत जे काम वाद्य पूर्ण झाल्यावर कान करतो, तेच काम गिटारच्या बाबतीत वाद्य सुरू होण्यापूर्वी गणिताने करावे लागते. आरेखनाची गरज या एका फरकातून निर्माण होते.

एरवी इलेक्ट्रिक गिटार हे घरी घडवण्यास त्यातल्या त्यात सोपे वाद्य आहे. साध्या गिटारमध्ये पातळ फळ्यांची पोकळ पेटी आवाज मोठा करते आणि ती जमवण्यास वर्षानुवर्षांचा सराव लागतो. इलेक्ट्रिक गिटारमध्ये ते काम पिकअप करतो. चुंबकाभोवती गुंडाळलेल्या बारीक तांब्याच्या तारेजवळ पोलादी तार कंप पावली की चुंबकीय क्षेत्र बदलते, त्यातून सूक्ष्म विद्युतप्रवाह निर्माण होतो आणि अँप्लिफायर तो वाढवतो. त्यामुळे धड भरीव फळीचे असले तरी चालते. अमेरिकेतील लिओ फेंडर यांनी १९५० साली भरीव धडाला स्क्रूने मान जोडलेली गिटार बाजारात आणली. ते स्वतः गिटारवादक नव्हते, रेडिओ दुरुस्त करणारे कारागीर होते. घरी गिटार घडवू पाहणाऱ्यांपैकी बहुतेक जण आजही त्याच रचनेपासून प्रारंभ करतात आणि या लेखातील मापेही त्याच धर्तीची आहेत.

१९६३ : दोन घटना

१९६३ साली लंडनमध्ये ब्रायन मे नावाचा सोळा वर्षांचा मुलगा व त्याचे वडील हॅरॉल्ड यांनी घरीच इलेक्ट्रिक गिटार घडवण्यास सुरुवात केली. विकतची गिटार घेण्याइतके पैसे नव्हते. मानेसाठी त्यांनी एका जुन्या शेगडीवरील महोगनीची फळी वापरली, पडद्यांवरील खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातील शिंपल्यांची बटणे घेतली आणि ब्रिजसाठी जुन्या मोटारसायकलच्या स्प्रिंगा लावल्या. हॅरॉल्ड हे इलेक्ट्रॉनिक्स अभियंता होते. बापलेकांना या कामास सुमारे दोन वर्षे लागली. पुढे ब्रायन मे 'क्वीन' या वाद्यवृंदाचे गिटारवादक झाले आणि तीच गिटार त्यांनी जगभर वाजवली. या वाद्यवृंदाचे गायक फ्रेडी मर्क्युरी यांचे शालेय शिक्षण आपल्या पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत झाले होते, हे अनेक वाचकांना ठाऊक असेलच.

त्याच १९६३ साली अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत, आयव्हन सदरलँड यांनी 'स्केचपॅड' नावाचा प्रबंध सादर केला. संगणकाच्या पडद्यावर प्रकाशलेखणीने रेषा काढता येतील, शिवाय 'या दोन रेषा समांतर राहोत' किंवा 'ही दोन अंतरे समान राहोत' अशी बंधनेही घालता येतील, हे त्यांनी दाखवून दिले. एक रेषा हलवली की बंधनाने जोडलेल्या इतर रेषा आपोआप जागा बदलत. आजच्या आरेखन प्रणालींचा पाया तोच आहे.

बापलेकांच्या त्या घरात संगणक नव्हता, तरी गिटार झाली. म्हणून संगणकाशिवाय चांगले वाद्य घडत नाही, असे आम्ही म्हणणार नाही. मात्र त्या घरात दोन वर्षांचा धीर होता आणि मोजमापात मुरलेला बाप होता. ज्याच्याजवळ असा सोबती नाही, त्याला आरेखन प्रणाली थोडीफार सोबत देऊ शकते.

कोणती प्रणाली घ्यावी?

महागड्या प्रणालीची आवश्यकता नाही. 'फ्रीकॅड' ही विनामूल्य प्रणाली २००२ पासून विकसित होत असून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये तिची १.० ही आवृत्ती आली. तिच्यात सपाट आराखडा काढता येतो, त्याला जाडी देऊन घनाकृती करता येते आणि सर्व मापे एका तक्त्यात ठेवता येतात. केवळ सपाट आराखडा हवा असेल तर 'लिब्रेकॅड' पुरेशी आहे. धडाची वळणदार बाह्यरेषा काढण्यास 'इंकस्केप'ही उपयोगी पडते. प्रणाली कोणतीही असो, एकक प्रथमच मिलिमीटर ठरवून घ्यावे. इंच आणि मिलिमीटर यांची सरमिसळ हे चुकीचे हमखास मूळ आहे.

पहिली पायरी : वस्तू हातात, मग रेषा

आराखडा सुरू करण्यापूर्वी ब्रिज, पिकअप, खुंट्या, बटणांचे पॉट, जॅक आणि मानेत घालावयाचा ट्रस रॉड ही सर्व सामग्री विकत आणावी व व्हर्निअर कॅलिपरने मोजावी. विक्रेत्याने छापलेल्या मापांवर विसंबू नये; एकाच नावाने विकल्या जाणाऱ्या दोन ब्रिजांची मापे निराळी निघतात. प्रत्येक वस्तूची लांबी, रुंदी, उंची व स्क्रूंच्या छिद्रांतील अंतर वहीत लिहावे आणि त्यावरूनच पडद्यावर ती वस्तू काढावी.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संगणक ५२.५ हे माप जितक्या बिनतक्रार स्वीकारतो तितक्याच बिनतक्रार ५५.२ हेही स्वीकारतो. तो रेषा अचूक काढतो. आपण सांगितलेले माप खरे आहे की नाही, हे त्याला कळत नाही. सुबक आराखडा पाहून मनुष्याचा विश्वास नकळत वाढतो, म्हणून हा इशारा.

दुसरी पायरी : मध्यरेषा आणि पडदे

सर्वप्रथम एक उभी मध्यरेषा काढावी. मान, पिकअप, ब्रिज हे सारे तिच्या दोन्ही बाजूंना सारखे असले पाहिजे. या रेषेवर नटाची कड शून्यावर धरून ६४७.७ मि.मी., म्हणजे साडेपंचवीस इंच, अंतरावर स्केलची खूण करावी.

आता पडद्यांची अंतरे. पाश्चात्त्य वाद्यांत एका सप्तकाचे बारा सारखे भाग पाडतात आणि एका सप्तकात स्वराची कंपनसंख्या दुप्पट होते. म्हणून लगतच्या दोन पडद्यांमधील गुणोत्तर म्हणजे अशी संख्या, जी बारा वेळा स्वतःशी गुणली असता २ येतात. ती संख्या १.०५९४६ आहे. स्केलला या संख्येने एकदा भागले की पहिल्या पडद्यापासून ब्रिजपर्यंतचे अंतर मिळते, पुन्हा भागले की दुसऱ्याचे, याप्रमाणे पुढे. ६४७.७ मि.मी. स्केलवर नटापासून पहिला पडदा ३६.३५, पाचवा १६२.४७, सातवा २१५.४१, बारावा बरोबर मध्यावर ३२३.८५ आणि बाविसावा ४६५.९५ मि.मी. अंतरावर येतो.

जुने कारागीर यासाठी सोपा नियम वापरीत : उरलेल्या लांबीचा अठरावा भाग घ्यावा आणि पडदा लावावा. थोर शास्त्रज्ञ गॅलिलिओ यांचे वडील व्हिन्चेन्झो गॅलिली यांनी १५८१ च्या आपल्या ग्रंथात हे १८ : १७ चे प्रमाण मांडले होते. आपल्या स्केलवर हा नियम लावला तर बारावा पडदा मध्यापासून दोन मिलिमीटरांहून थोडा अधिक अलीकडे राहतो. म्हणून आज १८ ऐवजी १७.८१७ ही संख्या वापरतात.

आणखी एक दक्षता. प्रत्येक पडदा नटापासूनच मोजावा, आधीच्या पडद्यापासून नव्हे. दर पडद्यामागे ०.२ मि.मी. चूक एकाच दिशेने साचत गेली तर बाविसाव्या पडद्यापर्यंत ती ४.४ मि.मी. होते. फ्रीकॅडच्या तक्त्यात स्केल एका चौकटीत लिहून बाकीची अंतरे सूत्राने जोडली, तर हा धोका राहत नाही आणि स्केल बदलण्याचे ठरले तरी सर्व पडदे एका क्षणात नव्या जागी जातात.

ब्रिजच्या बाबतीत थोडी मोकळीक ठेवावी लागते. बोटाने दाबलेली तार ताणली जाते व स्वर किंचित चढतो. तो चढ भरून काढण्यासाठी प्रत्येक तारेचा टेकू स्केलच्या खुणेपासून थोडा मागे न्यावा लागतो. बारीक तारेचा कमी, जाड तारेचा अधिक. म्हणून टेकू पुढे आणि मागे किती सरकतो हे मोजून, स्केलची खूण त्याच्या पुढच्या टोकाजवळ येईल आणि बहुतेक वाव मागे राहील, अशा रीतीने ब्रिज आराखड्यात बसवावा.

तिसरी पायरी : तारा आधी, मान नंतर

अनेक जण प्रथम मानेची रुंदी ठरवतात. त्याऐवजी आधी तारा काढाव्यात. समजा, नटाजवळ दोन्ही टोकांच्या तारांमधील अंतर ३५.५ मि.मी. आणि ब्रिजवर ५२.५ मि.मी. आहे. सरळ रेषा ओढल्या की बाविसाव्या पडद्यावर हे अंतर सुमारे ४७.७ भरते. तार पट्टीवरून घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना साडेतीन मिलिमीटर लाकूड ठेवले, तर तेथे मानेची रुंदी सुमारे ५५ मि.मी. होते. प्रचलित मानेचा तळ ५६ मि.मी. रुंद का असतो, याचे उत्तर या हिशेबात आहे. याच रेषांखाली पिकअपचे चुंबकखांब येतात की नाही, हेही पडद्यावर तपासता येते.

चौथी पायरी : बाजूने पाहावे

आराखडा केवळ वरून काढून थांबणे, ही सर्वांत महाग चूक होय. बाजूने दिसणारे चित्र काढल्याशिवाय ब्रिज विकत घेतला तरी धडाला भोक पाडू नये. हिशेब साधा आहे. मानेचा तळ २५.४ मि.मी. जाड आणि धडातील खोबण १५.९ मि.मी. खोल, म्हणजे पट्टीचा पृष्ठभाग धडापासून ९.५ मि.मी. वर येतो. पडद्याची उंची १.१ धरली की १०.६. बाराव्या पडद्यावर तार १.८ मि.मी. वर राहावी असे वाटत असेल, तर ब्रिजपाशी ती पडद्यांच्या पातळीहून सुमारे ३.२ मि.मी. वर असावी लागते. एकूण सुमारे १४ मि.मी. आपला ब्रिज या उंचीपर्यंत खाली येतो काय? काही ब्रिज येत नाहीत. त्यांच्यासाठी मान काही अंश मागे कलती बसवावी लागते आणि तो कल खोबण कोरण्यापूर्वीच ठरवावा लागतो.

पाचवी पायरी : आतले लाकूड मोजावे

आरेखन प्रणालीचा खरा उपकार छेदचित्रात दिसतो. पहिल्या पडद्याजवळ मान पट्टीसह २१ मि.मी. जाड ठेवावयाची आहे. पट्टीचे ६ वजा केले की १५ उरले. ट्रस रॉडसाठी साडेनऊ मिलिमीटर खोल चर पाडला की खाली साडेपाच मिलिमीटर लाकूड राहते. हातात सडपातळ भासावी म्हणून हीच मान १८ पर्यंत तासली तर अवघे अडीच मिलिमीटर उरते आणि कानस लावताना पोलाद उघडे पडण्याचे भय असते. धड ४५ मि.मी. जाड असेल आणि पॉटसाठी ३८ मि.मी. खोल कप्पा कोरला, तर समोर केवळ ७ मि.मी. भिंत उरते. एका कप्प्यातून दुसऱ्याकडे वायर नेण्याचे छिद्र कोणत्या कोनातून पाडता येईल आणि गिरमिट वाटेत कोठे अडेल, हेही येथेच पाहून ठेवावे. तोल राखण्यासाठी पट्ट्याचे वरचे बटण साधारण बाराव्या पडद्याच्या रेषेपर्यंत येईल, असा धडाचा आकार असावा. अन्यथा मान जमिनीकडे झुकत राहते.

सहावी पायरी : पडद्यावरून कागदावर

आराखडा पूर्ण झाला की तो खऱ्या मापात छापावा. छपाईच्या वेळी 'कागदात मावेल असे करा' हा पर्याय बहुधा आधीच निवडलेला असतो आणि तो चित्र गुपचूप लहान करतो. म्हणून आराखड्यावर १०० मि.मी. लांबीची एक आडवी व एक उभी रेषा काढून ठेवावी. छापून झाल्यावर पोलादी पट्टीने ती मोजावी. ९७ भरली तर तो कागद टाकून द्यावा. ए-फोर आकाराचे अनेक कागद जोडताना मध्यरेषा दोऱ्याने तपासावी आणि नटापासून बारावा पडदा व ब्रिज ही दोन अंतरे पुन्हा मोजावीत; दुसरे अंतर पहिल्याच्या बरोबर दुप्पट भरले पाहिजे.

यानंतरही थेट लाकडाकडे वळू नये. कागद पुठ्ठ्यावर डकवून आकार कापावा, मांडीवर घ्यावा, हात कोठे पोहोचतो ते पाहावे. मगच सहा मि.मी. एमडीएफचा साचा करावा आणि त्या साच्याच्या आधाराने राऊटर चालवावा. साचा चुकला तर थोडक्यात निभावते. सागवानाची किंवा शिसवाची फळी चुकली तर महिन्याची बचत जाते. लाकूडही आणल्याबरोबर कापू नये. आपल्या किनारपट्टीच्या दमट हवेत ते फुगते आणि कोरड्या दिवसांत आकसते. घरात काही आठवडे आडवे ठेवून, पुन्हा रंधून मगच त्यावर मध्यरेषा ओढावी.

मग हाताचे काय?

एवढे सारे संगणकाने केल्यावर त्या गिटारला हस्तनिर्मित म्हणावे काय, असा प्रश्न एका ज्येष्ठ सुतारबंधूंनी आम्हांला केला होता. प्रश्न रास्त आहे. आमचे उत्तर असे की, संगणकाने अद्याप काहीच केलेले नाही. पडद्याची चीर करवतीनेच पडायची आहे. पहिल्या व बाराव्या पडद्यापाशी मानेची जाडी किती, एवढे आराखडा सांगतो. त्या दोन मापांमधली गोलाई मात्र तळहाताने पुन्हा पुन्हा चाचपून, कानशीने व काचकागदानेच उतरवावी लागते. आराखड्याचे काम इतकेच की, हाताची मेहनत चुकीच्या जागी वाया जाऊ नये.

आरेखन ही चुका स्वस्तात करण्याची जागा आहे. पडद्यावर चुकीच्या जागी बसलेला ब्रिज एका कळीने मागे सरकतो, त्यासाठी चार महिन्यांच्या संध्याकाळी मोजाव्या लागत नाहीत. परंतु ही स्वस्ताई मिळते ती प्रत्यक्ष वस्तू हाती घेऊन मोजणाऱ्यालाच.

ओसरीवरची ती गिटार आमच्या मित्राने मोडली नाही. पाहुणे तिचे कौतुक करतात तेव्हा तो तिच्याबद्दल काही बोलत नाही. गेल्या महिन्यात आम्ही त्याच्याकडे गेलो तेव्हा तो संगणकासमोर बसला होता. शेजारी वहीत ब्रिजची मापे लिहिलेली होती आणि पडद्यावर नटाच्या पुढच्या कडेपासून टेकूपर्यंत एक तांबडी रेषा होती. तिच्यावर ६४७.७ असा आकडा होता. त्याचे वडील चष्मा सावरून विचारत होते, "अरे, पण कोठून मोजलेस?" त्याने कॅलिपर उचलला आणि त्यांच्यासमोर नट पुन्हा मोजून दाखवला. नवी फळी अजून कोपऱ्यात तशीच उभी होती. तिच्यावर पेन्सिलची रेघही उमटलेली नव्हती.